दोन संघ, एक पैज: गोल्फच्या सांघिक सामन्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने प्रतिस्पर्धी, दोन्हीकडे तोलामोलाचे गडी आणि सगळ्यांना झोंबेल अशी पैज. असा सामना ठरवायला एक संध्याकाळ पुरते. निभवायला मात्र डोकं लागतं, कारण भांडण खेळावरून क्वचितच होतं. आधी न ठरवलेल्या गोष्टींवरून हमखास होतं. ज्यांच्या गळ्यात कर्णधारपद किंवा आयोजनाचं काम पडलंय, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मैत्रीही टिकवायची आणि पैजही मोठी लावायची, हे जमतं का?

जमतं, आणि फार जुन्या काळापासून जमत आलंय. १६८२ साली एडिंबरोजवळच्या लीथ इथे ड्यूक ऑफ यॉर्क (पुढे हाच राजा दुसरा जेम्स झाला) आणि दोन इंग्लिश सरदार यांच्यात गोल्फ मुळात कुणाचा यावरून जुंपली आणि त्यातून सामना ठरला, असं परंपरेने सांगितलं जातं. ड्यूकने जोडीदार म्हणून दुसरा सरदार घेतला नाही. त्याने जॉन पॅटरसन नावाचा चांभार घेतला, कारण तो उत्तम खेळायचा. दोघं जिंकले आणि वाट्याला आलेल्या रकमेतून पॅटरसनने एडिंबरोत घर बांधलं म्हणतात. जोडीदार निवडताना मानपानापेक्षा हात कसा चालतो ते बघावं, हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे. तरी दरवर्षी कुठला ना कुठला कर्णधार साहेबांना खूश करायला त्यांना पहिल्या जोडीत घालतोच.

पैज नेमकी किती मोठी असावी?

हरल्यावर घरी सांगताना आवाज खाली येईल इतकी, पण घरखर्चाला हात लागणार नाही इतकी. संघातल्या सर्वांत कमी ऐपतीच्या गड्याला जी रक्कम सहज झेपेल, ती मर्यादा धरा. ती त्याला चारचौघांत विचारू नका. चारचौघांत कोणीही ‘चालेल’ म्हणतो. कर्णधाराने एकेकाला बाजूला घेऊन विचारावं. ज्याला पैसे लावायचेच नाहीत, त्याला नुसतं खेळू द्यावं आणि त्याच्या वाटणीचं कुणी भरलं याची चर्चा करू नये.

माझं मत विचाराल तर रक्कम बेताची ठेवावी आणि पैजेचं वजन दुसरीकडे टाकावं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? पैशाऐवजी काय लावता येतं?

फिरता चषक सर्वांत चांगला. तो जितका ओबडधोबड, तितकी त्याची किंमत जास्त. हरलेल्या संघाने जिंकणाऱ्यांच्या बॅगा उचलणं, विजेत्यांच्या रंगाच्या टोप्या घालून पुढची फेरी खेळणं, भर जेवणात उभं राहून विजेत्या कर्णधाराचं गुणगान करणं, हे सगळं पैशापेक्षा जास्त लागतं आणि कुणाचं नुकसान करत नाही. फक्त शिक्षा संपूर्ण संघाला असावी. शेवटचा पट (चेंडू खड्ड्यात ढकलण्याचा हलका फटका) हुकवणाऱ्या एकट्याला कोपऱ्यात घेतलं की पुढच्या वर्षी तो येत नाही.

सामना कुठल्या प्रकाराने खेळावा?

मॅच प्ले, म्हणजे होलमागे होल (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकेक) जिंकण्याचा हिशेब. एकूण फटक्यांची बेरीज करायला गेलात तर एखाद्याने एका होलवर अकरा मारले की त्याचा दिवस तिथेच संपला, आणि त्याच्याबरोबर संघाचाही. मॅच प्लेमध्ये अकरा मारले तरी एकच होल गेला.

त्यातही तीन प्रकार मिसळून घ्या. फोरबॉलमध्ये चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतला चांगला आकडा धरला जातो. कच्च्या गड्याला सावरून घेणारा हा प्रकार आहे. फोरसममध्ये जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीने. एकाने विषम होलवर टी-ऑफ (होलचा पहिला फटका) करायचं, दुसऱ्याने सम होलवर. चुकीच्या गड्याने फटका मारला तर होल गेला. इथे ‘सॉरी’ हा शब्द दिवसभर ऐकू येतो, म्हणून तो न म्हणण्याचा करार जोडीने आधीच करावा. आणि शेवटी सिंगल्स, म्हणजे एकास एक, जिथे लपायला जागा नसते.

आठ-आठ गड्यांचे संघ असतील तर चार फोरबॉल, चार फोरसम, आठ सिंगल्स: एकूण १६ गुण. साडेआठ झाले की चषक तुमचा. युरोप आणि अमेरिका यांच्यातला रायडर कपही याच घडणीचा आहे. तिथे १२-१२ गडी आणि २८ गुण असतात.

गुण कसे मोजायचे? होलांचा फरक धरायचा की सामने?

सामने धरा. प्रत्येक सामन्याला एक गुण, बरोबरीला अर्धा. या एका निर्णयाने निकाल कसा उलटतो ते बघायचं तर १८४९ कडे जा. सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस एका बाजूला, मसलबराचे जुळे भाऊ विली आणि जेमी डन दुसऱ्या बाजूला. पैज ४०० पौंडांची, त्या काळात डोळे पांढरे करणारी. तीन मैदानांवर सामना: मसलबरा, सेंट अँड्र्यूज आणि नॉर्थ बेरिक. डन बंधूंनी घरच्या मसलबरावर ‘१३ व १२’ असा, म्हणजे १२ होल शिल्लक असतानाच १३ होलांच्या आघाडीने, धुव्वा उडवला. होलांची बेरीज धरली असती तर पुढचं खेळायला अर्थच उरला नसता. पण हिशेब मैदानांचा होता. सेंट अँड्र्यूज रॉबर्टसन-मॉरिसने घेतलं आणि नॉर्थ बेरिकला, आठ होल उरले असताना चारने मागे असूनही, तेच जिंकले.

पहिल्याच सत्रात एका जोडीचं पानिपत झालं तरी संध्याकाळपर्यंत सामन्यात जीव राहावा, यासाठी ही रचना आहे. रायडर कपमध्ये १९९९ साली ब्रुकलाइनला अमेरिका आणि २०१२ साली मेडिनाला युरोप, दोघेही शेवटच्या दिवशी ६–१० असे मागे होते. दोघेही साडेचौदा–साडेतेराने जिंकले.

हँडिकॅपचा हिशेब कसा लावायचा?

हँडिकॅप म्हणजे कच्च्या गड्याला बरोबरीत आणायला मिळणारी फटक्यांची सवलत. इथे वेळ घालवा, कारण निम्मी पैज टी-ऑफच्या आधी इथेच जिंकली किंवा हरली जाते.

२०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येकाचा इंडेक्स असतो: शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वरून काढलेला, जास्तीत जास्त ५४.०. त्या इंडेक्सला मैदानाच्या स्लोपने (कच्च्या गड्याला मैदान किती जड जातं त्याचा आकडा) गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (पक्क्या गड्याला लागणारे फटके) वजा पार (मैदानाचे ठरलेले फटके) इतका फरक मिळवायचा, की त्या मैदानापुरता कोर्स हँडिकॅप निघतो. भांडण इंडेक्सवर करू नका, कोर्स हँडिकॅपवरच बोला.

मग सवलत. सिंगल्समध्ये दोघांतला पूर्ण फरक द्यायचा. फोरबॉल मॅच प्लेसाठी शिफारस ९० टक्क्यांची आहे. समजा चौघांचे कोर्स हँडिकॅप ८, १२, १८ आणि २४ आहेत. ९० टक्के काढून पूर्णांक केले की ७, ११, १६ आणि २२ होतात. सर्वांत कमी असलेला शून्यावर खेळतो. बाकीच्यांना ४, ९ आणि १५ फटके मिळतात. चार फटके मिळालेल्याला ते स्ट्रोक इंडेक्स (फटके देण्यासाठी होलांना लावलेला क्रम) १ ते ४ असलेल्या होलवरच मिळतात, मनाला येईल तिथे नाही. फोरसममध्ये दोन्ही जोड्यांच्या बेरजांतल्या फरकाचा निम्मा भाग.

हे सगळं आदल्या रात्री कागदावर लिहा, दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या आणि प्रत्येक स्कोअरकार्डवर फटक्यांच्या होलांवर आधीच टिंब मारून ठेवा. चौदाव्या ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) ‘इथे मला फटका होता ना?’ हा प्रश्न पडू नये. आणखी एक: मॅच प्लेमध्ये तुम्ही आपला हँडिकॅप आहे त्यापेक्षा जास्त सांगितला, त्याने मिळणाऱ्या फटक्यांत फरक पडला आणि प्रतिस्पर्ध्याने पुढचा फटका मारायच्या आत चूक सुधारली नाहीत, तर तुम्ही त्या सामन्यातून बाद होता. चुकून सांगितला होता, हे कारण चालत नाही.

समोरचा हातचं राखून खेळतोय असा संशय आहे. काय करावं?

प्रत्येक संघात असा एक महाभाग असतो. वर्षभर ९८ मारतो आणि पैजेच्या दिवशी ८४. हँडिकॅप पद्धतीलाही हे ठाऊक आहे. एखाद्याची फेरी त्याच्या इंडेक्सपेक्षा ७ किंवा अधिक फटक्यांनी चांगली निघाली तर इंडेक्स आणखी १ ने खाली येतो, १० किंवा अधिकने निघाली तर २ ने. पण ते फेरीची नोंद झाल्यावर; तुमचे पैसे तोवर गेलेले असतात.

उपाय आधी करायचा असतो. सामन्याच्या आठवडाभर आधीची तारीख ठरवा आणि त्या दिवशीचा इंडेक्स धरा. गेल्या वर्षभरातला त्याचा सर्वांत कमी इंडेक्सही बघा. दोन्हीत मोठी दरी असेल तर मधला आकडा मागा. आणि ज्यांच्या फेऱ्यांची नोंदच नाही, त्यांचा हँडिकॅप समोरच्या कर्णधाराने ठरवावा. हा नियम कळला की नोंदी आपोआप होऊ लागतात.

नासाऊ म्हणजे काय, आणि ‘प्रेस’ला लोक एवढे का घाबरतात?

नासाऊ म्हणजे एकात तीन पैजा: पहिले नऊ होल, शेवटचे नऊ, आणि पूर्ण अठरा. नाव न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कंट्री क्लबवरून पडलंय. सोय अशी की पहिल्या नऊत मार खाल्ला तरी दहाव्या टीवर नवी पाटी.

प्रेस म्हणजे मागे पडलेल्या बाजूने उरलेल्या होलांवर लावलेली नवी पैज. मूळ पैज एक हिस्सा धरली तर नासाऊचे तीन हिस्से. प्रत्येक नऊत दोनदा प्रेस झाला की आणखी चार, म्हणजे सात. अठराव्या टीवर कुणी तावातावाने ‘सगळं दुप्पट’ म्हटलं की चौदा. सकाळी तीन हिस्से हरण्याची तयारी करून आलेला माणूस संध्याकाळी चौदा हिस्से देणं लागतो. म्हणून प्रेस ठेवायचाच असेल तर नऊ होलांत एकदाच, दोन होल मागे पडल्यावरच, आणि दुप्पट-बिप्पट काही नाही. सांघिक सामन्यात मी तर प्रेस ठेवूच नये म्हणेन. तिथे गुणफलक पुरेसा छळतो.

‘गिमी’चं काय करायचं?

गिमी म्हणजे न मारताच पडला असं मानून सोडून दिलेला छोटा पट. सर्वांत जास्त मनं याच्यावरून दुखावतात, तेव्हा सविस्तर बघू.

मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका, होल किंवा अख्खा सामना सोडून देण्याचा हक्क तुम्हाला असतो. एकदा सोडला की तो परत घेता येत नाही आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. ‘नको, मी मारतो’ म्हणून त्याने मारला आणि हुकवला, तरी तो पडल्यासारखाच धरायचा. पण एक मेख आहे. फोरबॉलमध्ये सोडलेला पट तरीही मारला आणि त्यातून जोडीदाराला ओळीचा अंदाज मिळाला, तर त्या होलवर जोडीदाराचा आकडा धरला जात नाही.

सोडण्याचा निर्णय फक्त प्रतिस्पर्ध्याचा. त्याने तो तोंडाने किंवा स्पष्ट कृतीने सांगायला हवा. गप्प राहणं म्हणजे सोडणं नव्हे. २०१५च्या सोल्हाइम कपमध्ये (महिलांचा रायडर कपच म्हणा), जर्मनीत, अमेरिकेच्या ॲलिसन लीने सतराव्या ग्रीनवर जेमतेम दीड फुटाचा पट सोडला गेलाय असं समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसनने आपण तो सोडलाच नव्हता असं सांगितलं. नियम पेटरसनच्या बाजूने होता. होल युरोपला गेला आणि सामनाही. पण त्या प्रकाराने पेटलेल्या अमेरिकनांनी ६–१० वरून सिंगल्समध्ये मुसंडी मारून कप नेला, आणि दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली.

आता याचं दुसरं टोक. १९६९चा रायडर कप, रॉयल बर्कडेल. शेवटची जोडी, शेवटचा होल, सगळं बरोबरीत. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट उरलेला. अमेरिकेच्या जॅक निकलसने तो सोडून दिला आणि सामना १६–१६ असा बरोबरीत सुटला, रायडर कपच्या इतिहासात पहिल्यांदाच. निकलसचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड मात्र यावर नाखूश होता. तुमच्या संघातही असा एक स्नीड निघणारच, हे गृहीत धरा.

व्यवहारात काय करावं? पहिल्या काही होलांवर छोटे पट उदारपणे सोडणं आणि पंधराव्यानंतर अचानक गप्प बसणं ही जुनी चाल आहे. गड्याला दिवसभर छोटा पट मारावाच लागलेला नसतो, आणि नेमक्या वेळी हात थरथरतो. नियमात बसते. दोस्तीत बसते का, ते आपापलं बघा. चेंडू उचलायच्या आधी ‘दिला?’ असं विचारून ‘दिला’ हा शब्द कानांनी ऐकायचा, एवढी शिस्त मात्र दोन्ही संघांनी पाळावी.

ऐनवेळी एक गडी कमी पडला तर?

रायडर कपमध्ये यासाठी पाकिटाची पद्धत आहे. सिंगल्सच्या आधी प्रत्येक कर्णधार एका गड्याचं नाव पाकिटात बंद करून ठेवतो. समोरचा कुणी दुखापतीने बसला तर पाकिटातला गडी त्याच्यासमोर धरला जातो आणि दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. १९९३ साली युरोपचा सॅम टॉरन्स जायबंदी झाला तेव्हा अमेरिकेच्या लॅनी वॉडकिन्सने आपलं नाव पाकिटात घाला, असं स्वतःहून कर्णधाराला सांगितलं होतं. दुखापतीसाठी ही पद्धत चांगली आहे. जो झोपेतून उठलाच नाही त्याच्यासाठी नाही. त्याचा पूर्ण गुण समोरच्यांना द्या.

नियमावरून वाद झाला आणि जवळ रेफरी नसेल तर?

मॅच प्लेमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून मार्ग काढायला मुभा आहे. प्रामाणिकपणे ठरवलेला मार्ग नंतर चुकीचा निघाला तरी निकाल तसाच राहतो. मात्र लागू असलेला नियम माहीत असूनही ‘जाऊ दे रे’ म्हणून दोघांनी मिळून गुंडाळून ठेवला, तर दोघेही बाद. एकमत होत नसेल तर हरकत तिथेच नोंदवून खेळ पुढे चालू ठेवा आणि निर्णय नंतर समितीकडून घ्या. सांघिक पैजेत समिती म्हणजे कुठल्याच संघात नसलेला एक शहाणा माणूस. तो आधीच शोधून ठेवावा लागतो, कारण वाद पेटल्यावर शहाणी माणसं गायब होतात.

हमखास वाद होणारे मुद्दे: चेंडू शोधायला तीन मिनिटं असतात, पाच नाही. दुसऱ्याचा चेंडू मारला तर होल गेला. पाळी नसताना मारलं तर दंड नाही, पण प्रतिस्पर्धी तो फटका लगेच रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो. रद्द करायचा की नाही हे चेंडू कुठे पडला ते बघूनच तो ठरवणार, हे उघड आहे.

टोमणे मारावेत का?

मारावेतच, नाहीतर एवढा खटाटोप कशाला? दोन फटक्यांच्या मध्ये, चालताना, जेवताना मनसोक्त. समोरचा चेंडूवर उभा राहिला की बंद. आणि माणसाच्या स्विंगवर बोला; त्याच्या नोकरीवर, घरावर, तब्येतीवर नको.

पैसे लावले तर हौशी खेळाडूचा दर्जा जातो का?

आपसातल्या पैजेने जात नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या ‘आर अँड ए’ आणि ‘यूएसजीए’ या संस्थांचं धोरण साधं आहे: खेळणारे एकमेकांना ओळखत असावेत, भाग घेणं ऐच्छिक असावं, पैसे फक्त खेळणाऱ्यांच्याच खिशातले असावेत आणि रक्कम अवाच्या सव्वा नसावी. बाहेरच्यांनी पैसे लावले किंवा आयोजक टक्केवारी घेऊ लागला की प्रकरण वेगळं. तुमच्याकडचा जुगाराचा कायदाही एकदा बघून घ्या. तो देशागणिक बदलतो, आणि पैजेची थकबाकी बऱ्याच ठिकाणी कोर्टातून वसूल होत नाही.

दुसऱ्याच्या खिशातला पैसा कसा अंगाशी येतो याची गोष्ट गोल्फमधल्या सर्वांत गाजलेल्या पैजेला चिकटलेली आहे. १९५६ साली मोटारविक्रीच्या धंद्यातल्या एडी लोवरीने बढाई मारली की आपल्याकडे नोकरीला असलेले दोन हौशी खेळाडू, केन वेंचुरी आणि हार्वी वॉर्ड, जगातल्या कुठल्याही जोडीला हरवतील. जॉर्ज कोलमन या दुसऱ्या धनिकाने ते मनावर घेतलं आणि थेट बेन होगन व बायरन नेल्सन यांना उभं केलं. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटवर फोरबॉल झाला. चौघेही असे खेळले की होगन-नेल्सन जिंकले ते शेवटी फक्त एका होलने. वॉर्डचा हौशी दर्जा मात्र पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, यूएसजीएने काढून घेतला. कारण ती पैज नव्हती. स्पर्धांना जाण्याचा त्याचा खर्च लोवरीने केला होता, हे होतं.

बरोबरी झाली तर चषक कुणाचा?

आधीच्या विजेत्याचा. आव्हान देणाऱ्याने हिसकावून घ्यायचा असतो. पहिलंच वर्ष असेल तर प्रत्येक संघातून एक गडी आणि सडन डेथ, म्हणजे पहिला होल जो जिंकेल त्याचा चषक. गडी कर्णधाराने निवडायचा नाही, चिठ्ठी टाकायची. त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

हरलेले पैसे देत नाहीत. काय करावं?

ती वेळ येऊ देऊ नका. पहिल्या टीवर जाण्याआधीच दोन्ही बाजूंची रक्कम त्या तटस्थ माणसाकडे जमा करा. संध्याकाळी तो सगळ्यांसमोर पाकीट देतो आणि विषय संपतो. ‘नंतर बघू’ म्हणणारा गडी कितीही गोड असला तरी त्याला अपवाद करू नका. इतरांच्या लक्षात राहतं.

अर्ध्यात पाऊस आला तर?

मॅच प्लेमध्ये दोन्ही बाजू राजी असतील तर खेळ थांबवता येतो, फक्त त्याने स्पर्धा रखडता कामा नये. नंतर जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू. त्या दिवशी पुढे खेळणं अशक्य झालं तर पूर्ण झालेल्या सामन्यांचे गुण कायम आणि अर्धवट राहिलेल्यांची नवी तारीख. आघाडीवर असलेला संघ ‘आता काय खेळायचं, झालंच की’ असं म्हणेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. वीज चमकू लागली तर मात्र कुणाला विचारत बसू नका, चेंडूची जागा मार्क करा आणि आत चला.